रविवारचा पंचनामा

माझी पोरगी एका पिक्चरला चांगला म्हणाली आणि तेव्हापासून माझा जीव खालीवर व्हायला लागला.

हसू नका. आधी ऐकून घ्या. मी गुरुलिंग. सोलापुरात नव्या पेठेत माझं शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे. मे-जूनमध्ये पाणी प्यायला फुरसत नसते आणि एरवी नुसत्या माशा मारायच्या. त्या मारता मारता मला मोबाईलवर मारामारीचे पिक्चर बघायची सवय लागली. दक्षिणेतले, हिंदीत आवाज घातलेले, हीरोनं एक ठोसा मारला की पुढची जीप उडते, तसले. ते बेकार असतात हे मला कळतं हो. बेकार असतात म्हणूनच तर बघतो. चांगल्या पिक्चरला नावं ठेवता येत नाहीत, मग बघून उपयोग काय?

पोरगी माझी सिद्धेश्वरी. अकलूजला एका डेअरीच्या लॅबमध्ये कामाला आहे. गावोगावचं दूध येतं, त्यात फॅट किती, पाणी किती, ते हिनं तपासायचं. तिला जपानी कार्टूनचं वेड. कार्टून म्हटलं की चिडते, अॅनिमे म्हणायचं. त्यातही भुताखेतांची. शाळेचा युनिफॉर्म घातलेल्या पोरी आणि त्यांच्या मागं लागलेली भुतं. मी म्हणतो, त्या युनिफॉर्मचा कट बरा आहे, बाकी सगळा आनंद आहे.

ती अकलूजला गेली तेव्हा आमचं ठरलं. रविवारी दुपारी मी इथं, ती तिथं. माझ्या आवडीचा एक पिक्चर आणि तिच्या भुतांचा एक भाग दोघांनी बघायचा, मग संध्याकाळी फोनवर मत सांगायचं. ह्याला आम्ही पंचनामा म्हणतो. नियम एकच, गोड बोलायचं नाही. ती म्हणणार, "अप्पा, तुमच्या पिक्चरमध्ये निम्मं पाणी आहे." मी म्हणणार, "तुझ्या भुताची शिवण उसवली आहे, बाई." मग तासभर भांडण. बाकीच्या घरांत बापलेक 'जेवलीस का', 'हो जेवले' म्हणून फोन ठेवतात. आमचं तसं नाही. आमच्या घरात माया अशीच चालते, शिव्या घालत. माझी बायको सावित्रम्मा एरवी मराठीत बोलते, पण माझ्यावर चिडली की सरळ कन्नडमध्ये सुरू होते. लग्नापासूनचं आहे हे. तिचं कन्नड सुरू झालं की मला कळतं, घरात सगळं ठीक चाललंय.

तर त्या रविवारचा पिक्चर होता एका कंडक्टरचा. कंडक्टर म्हणजे आधीचा कमांडो. तिकिटाच्या मशिनीनं गुंडांना बडवतो. पिक्चर ना धड चांगला, ना धड वाईट, नुसता मधल्यामध्ये लटकलेला. पण त्यात एक जबरदस्त चूक होती. पिवळ्या शर्टाचा एक जाडा गुंड पुलावरच्या मारामारीत खाली नदीत पडून मेला, आणि इंटरवलनंतर गोदामातल्या मारामारीत परत हजर. तोच शर्ट, तोच माणूस. मी एकटाच हसत सुटलो. मनात म्हटलं, आज सिद्धू फोन उचलल्या उचलल्या हेच बोलणार.

फोन लावला. ती म्हणाली, "छान होता अप्पा. आवडला मला."

मला वाटलं, पुढं काहीतरी येईल. आलं ते असं, "बघत जा असले पिक्चर. जिवाला बरं वाटतं."

"आणि पिवळा शर्ट?" मी विचारलं.

"कुठला? हां, तो. चांगलं काम केलंय त्यानं."

 मग मी मुद्दाम म्हटलं, "आणि शेवटी तो हत्ती येतो ते?"

"हो हो. हत्तीचा सीन तर मस्तच."

अहो, त्या पिक्चरमध्ये हत्ती नाही. कुत्रंसुद्धा नाही.

म्हणजे तिनं पिक्चर बघितलाच नव्हता. मग रविवारी दिवसभर ही होती कुठं? आणि न बघता चांगला का म्हणाली? आवाज पण जड होता, सर्दी झाल्यासारखा. मी विचारलं तर म्हणाली, एसीत बसून घसा धरलाय. फोन तिनंच ठेवला, दहा मिनिटांच्या आत.

मी सावित्रम्माला म्हटलं, "पोरीचं काहीतरी बिनसलंय. पिक्चरला चांगला म्हणाली."

ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "चांगल्याला चांगलं म्हटलं तरी तुम्हाला त्रास. जेवून घ्या बघू. ताक घालून देते." आणि खरंच ताक घालून दिलं. मराठीत बोलून. मी तेवढं लक्ष दिलं नाही, कारण माझं डोकं अकलूजला होतं.

रात्री पडल्या पडल्या मागचं आठवायला लागलं. त्याच्या आधी आम्ही तिची एक भुतांची मालिका बघत होतो. एक शाळकरी पोरगी असते. कोण मरणार हे तिला आधी कळतं, कारण त्या माणसाची सावली तिला दिसायची बंद होते. तिच्या गल्लीत एक म्हातारा छत्र्या विकणारा असतो, तिच्याशी रोज भांडणारा, तिची चेष्टा करणारा. एक दिवस त्याची सावली जाते. पोरगी त्याला सांगत नाही. नुसती रोज त्याच्या दुकानात संत्री घेऊन जाते आणि गोड बोलते. माझं डोकंच फिरलं होतं. मी म्हटलं होतं, "सांगायला नको का त्याला? माणूस आहे का धोंडा? त्याच्या मरणाचं त्यालाच माहीत नाही आणि ही संत्री सोलते." सिद्धू म्हणाली होती, "सांगून काय होणार अप्पा? हातातले चांगले दिवस पण जातील." त्यावर आम्ही लई भांडलो. आणि पुढच्या रविवारी म्हणाली, ती मालिका सोडून देऊ, बोअर आहे. बोअर कसली, तिला तर ती लई आवडायची.

मला वाटलं, हिच्याच आयुष्यात काहीतरी झालंय. नोकरी गेली का? कुणी पोरगा आहे का आणि त्यानं फसवलं? कुणी त्रास देतंय का तिला तिथं? एकटी पोर, परकं गाव. नको नको ते डोळ्यासमोर यायला लागलं. ह्या कुशीवरून त्या कुशीवर.

सकाळी दुकानात शेजारच्या शरणबसवला सांगितलं. त्याचं दप्तरांचं दुकान. गेली कित्येक वर्षं हा माणूस माझ्या प्रत्येक वाक्याला 'छे' म्हणत आलाय. मी ऊन म्हटलं की हा सावली म्हणणार. त्याला म्हटलं, "पोरगी पिक्चरला चांगला म्हणाली, मला घोर लागलाय." वाटलं, हा आता माझी टिंगल करणार. तर म्हणाला, "असेल अण्णा. तुम्ही म्हणता तसंच असेल." आणि माझ्यासाठी चहा सांगितला, कमी पत्तीचा. माझ्या पोटाला अल्सर निघालाय ना, म्हणून. महिन्यामागं पोट दुखायचं म्हणून माझा मेहुणा मल्लिनाथ मला डॉक्टरकडे घेऊन गेला होता. तोंडातून नळी घातली, तपासणी केली, मला बाहेर बसवलं. मल्लिनाथ आतून येऊन म्हणाला, अल्सर आहे दाजी, तिखट बंद. झालं. तेव्हापासून शेंगांची चटणीसुद्धा मिळत नाही. अल्सरपेक्षा त्याचा त्रास जास्त.

शरणबसवनं 'छे' म्हटलं असतं तर मी कदाचित गप्प बसलो असतो. त्यानं हो म्हटलं आणि मला खात्रीच पटली की माझी भीती खरी आहे.

ती रात्रही तशीच गेली. मंगळवारी सकाळी मी सावित्रम्माला म्हटलं, "मंगळवेढ्याला एका शाळेची ऑर्डर बघून येतो." अकलूज म्हटलं असतं तर तिनं आधी पोरीला फोन केला असता. एरवी ती म्हणाली असती, उन्हात कशाला तडफडताय. त्या दिवशी म्हणाली, "एकटे नका जाऊ. मल्लूला घ्या बरोबर." मी म्हटलं, मल्लू काय माझी छत्री आहे का? तर हसली. दहीभाताचा डबा दिला. जिना उतरेपर्यंत दारात उभी होती.

एसटीत खिडकी मिळाली. बसल्या बसल्या मोबाईल काढला आणि ती सावलीवाली मालिका लावली, राहिलेले भाग. म्हटलं, हिनं अर्ध्यात सोडली त्याला काहीतरी कारण असणार, ते तरी बघू. मोहोळ गेलं, पंढरपूर गेलं. छत्रीवाला म्हातारा एक दिवस पोरीला विचारतो, हल्ली तू भांडत का नाहीस? ती म्हणते, असंच. म्हातारा म्हणतो, मग येत जाऊ नकोस, मला भांडणारी पोरगी पाहिजे. आणि दुकानाचं दार लावून घेतो. दुसऱ्या दिवशी दार उघडतच नाही.

मला त्या पोरीचा असा राग आला की मी मोबाईल खिशात कोंबला. वेळापूर सोडल्यावर दोन्ही बाजूंनी ऊस लागला आणि मी तिकडं बघत बसलो. पोटात दुखत होतं. वाटलं, काळजीनं दुखतंय.

सिद्धू राहते ती खोली रंभाबाई म्हणून एका बाईंच्या घरात माडीवर आहे. मी आधी कधी आलो नव्हतो. पोरीला सोडायला मल्लिनाथ आला होता, कारण तेव्हा जून होता आणि माझं दुकान. तो पण सामान उतरवून फाटकातूनच परत फिरला होता. रंभाबाई अंगणात मेथी निवडत बसल्या होत्या. मी म्हटलं, "सिद्धेश्वरी आहे का?"

"डेरीत हाय की. येईल आता घटकाभरात." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमी सोलापूरचं? मामा न्हवं का तिचं? मल्लिनाथ?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्याच पुढं म्हणाल्या, "बसा, बसा. पानी देते. लई वंगाळ झालं बगा तिच्या वडलांचं."

मी बसलो.  तोंडातून निघून गेलं, "हो. मी मामाच."

"पोरगी रडून रडून अर्दी झाली. माज्यापशी येऊन रडती, खोलीत एकटी रडली तर मला झोप लागत न्हाय म्हनून मीच बोलवते खाली." त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला. "रविवारी तुमच्यासंगं बार्शीला गेलती न्हवं? त्ये कागद दावायला? काय म्हनालं मोठं डाक्टर?"

बार्शी. आमच्या सोलापुरात कुणाला बार्शीला नेलं म्हटलं की माणसं पुढचं विचारत नाहीत. कॅन्सरचा दवाखाना आहे तिथं. आणि सावित्रम्मा आठवडाभर माझ्या मागं लागली होती, बार्शीला भगवंताच्या दर्शनाला जाऊन येऊ, दिवाळीच्या आधी. मी म्हणत होतो, इतक्या वर्षांत कधी नाही आणि आत्ताच कुठला भगवंत आठवला तुला?

"बघू म्हणाले," मी म्हटलं.

"वडलांना म्हायती हाय का?"

"नाही. माहीत नाही त्यांना."

"बरं हाय. नगाच सांगू," रंभाबाई म्हणाल्या. "मानूस भ्येऊन आदीच खचतंय. आमच्या मालकांना आमी शेवटपर्यंत कळू दिलं न्हवतं." आणि परत मेथी निवडायला लागल्या.

मी तांब्या खाली ठेवला. अल्सर. कमी पत्तीचा चहा. शरणबसवचं 'तुम्ही म्हणता तसंच'. सावित्रम्माचं महिनाभर चाललेलं गोड मराठी. अहो, घरात महिनाभर कन्नडचा एक शब्द नाही, आणि मला कळू नये? मी पोरीची काळजी करत तीन तालुके ओलांडून आलो आणि सगळं गाव माझी काळजी करत बसलंय. मला भीती वाटली. खोटं कशाला बोलू. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. बाईंच्या अंगणात ऊन होतं. सगळ्यात आधी मी काय केलं सांगू? माझी सावली बघितली. होती. जागेवर होती.

फाटक वाजलं. सिद्धू आत आली. मला बघून थांबली, मग रंभाबाईंकडे बघितलं.

"तुजं मामा आल्यात," रंभाबाई म्हणाल्या.

पोरीच्या तोंडून 'अप्पा' निघून गेलं. ते ऐकून रंभाबाईंच्या हातातली मेथी तशीच राहिली. "अगं बाई," एवढंच म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या.

मी म्हटलं, "पिक्चरमध्ये हत्ती नव्हता, सिद्धू."

ती माझ्यासमोर पायरीवर बसली. "मी पिक्चर बघितला नाही, अप्पा."

"माहीत आहे. मग चांगला का म्हणालीस?"

"तुम्हाला आवडला असेल म्हणून."

"मला असले पिक्चर कधी आवडलेत?" माझा आवाज चढला. "चांगला म्हणालीस आणि मी दोन रात्री झोपलो नाही. मला वाटलं, तुलाच काय झालं. तुझी ती मालिका बघत आलो एसटीत. सगळी बघितली. तुझं मत चुकीचं आहे. त्या पोरीनं सांगायला पाहिजे होतं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून तर सोडली मी. मला पुढं बघवेना." आणि मग ती रडायला लागली. तिला गप्प करायचं मला सुचलं नाही. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"आता सांग," मी म्हटलं. "दुधाचं सांगतेस तसं सांग. पाणी घालू नकोस."

तिनं डोळे पुसले, नाक पुसलं आणि ताठ बसून सांगितलं. जठरात गाठ आहे. तुकडा काढून तपासला, कॅन्सर आहे. बाहेर पसरलाय का ते बार्शीला बघणार. आधी औषधं द्यायची, केस जातील, उलट्या होतील. मग ऑपरेशन. पसरला नसेल तर आशा बरी आहे. पसरला असेल तर बरी नाही. डॉक्टर ह्यापेक्षा जास्त काही बोलायला तयार नाहीत. हे सगळं ती माझ्याकडे बघत बोलली, कुठं थांबली नाही. 

"एवढंच?"

"एवढंच. काही लपवलं नाही अप्पा."

मी मान हलवली. भीती होतीच, पण कशाची ते आता कळत होतं. मग सावित्रम्माला फोन लावला. म्हटलं, "मी मंगळवेढ्याला नाही, अकलूजला आहे. मला कळलंय सगळं."

 मी दोनदा हॅलो म्हटलं. मग ती म्हणाली, "यार हेळ्यार निमगं?" म्हणजे कुणी सांगितलं तुम्हाला. आणि मग जी सुरू झाली, मल्लूला न घेता एकटे कसे गेलात, खोटं बोललात, डबा तरी खाल्लात का, तुमच्यासारख्या माणसाशी संसार केला ती मीच म्हणून, सगळं सगळं कन्नडमध्ये, मध्येच रडत, मध्येच शिव्या देत. मी फोन कानाला लावून ऐकत राहिलो. तिला थांबवावंसं वाटेना.

सिद्धूनं रजा टाकली. संध्याकाळच्या गाडीनं आम्ही दोघं सोलापूरला निघालो. रंभाबाईंनी मेथीची भाजी-भाकरी बांधून दिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चुकलं बगा माजं." मी म्हटलं, "आक्का, तुमीच तेवढं खरं बोललात."

गाडीत दोघांना शेजारी जागा मिळाली. बाहेर अंधार पडायला लागला. मी पोटावर हात ठेवून बसलो होतो. तिनं ते बघितलं आणि मी हात काढून घेतला. मग तिनं पिशवीतून हेडफोन काढला, एक टोक माझ्या कानात घातलं, एक तिच्या, आणि मोबाईलवर तो कंडक्टरचा पिक्चर लावला. राहिलेला पंचनामा पूर्ण करू म्हणाली.

पुलावरची मारामारी झाली. पिवळा शर्ट नदीत पडला.  इंटरवल गेलं, गोदाम आलं. मी तिच्याकडे बघत होतो, पडद्याकडे नाही. तिचे डोळे सुजलेले होते आणि गालावरून पाणी वाहत होतं, ते पुसायची पण तिला शुद्ध नव्हती. तेवढ्यात तिच्या भुवया वर गेल्या. तिनं पिक्चर थांबवला, मागं घेतला, परत बघितला.

"अप्पा," ती म्हणाली, "हा मेला होता ना? पुलावरून पडला होता ना हा? हा इथं काय करतोय?"

"वाचला असेल," मी म्हटलं.

"कसा वाचेल? असला भंगार पिक्चर मी जन्मात बघितला नाही. काय बघता हो तुम्ही असलं? जरा तरी अक्कल वापरा."

मागच्या सीटवरच्या बाईनं वाकून बघितलं. सिद्धू रडत रडत शिव्या घालत होती, कॅमेऱ्याला, डायरेक्टरला, हीरोच्या केसांना, मला. थांबायलाच तयार नव्हती. मी डोकं सीटला टेकवलं आणि किती दिवसांनी जिवाला जरा बरं वाटलं.